ते मी तुम्हालाही सांगणार नाही

मित्रांनो, करंगळीच्या नखाएवढा दिसतो म्हणून मला हसू नका. मी एक म्हातारा कॉलरमाइक आहे. बोलणाऱ्याच्या कपड्याला मला चिमट्याने लावतात आणि माझी वायर कमरेच्या डबीत जाते; ती डबी आवाज बिनतारी पुढे पाठवते. कॅमेरा लांब उभा असतो, मी मात्र छातीपाशी. माणूस बोलण्याआधी आवंढा गिळतो, तो आधी मला ऐकू येतो.

मला सांभाळणाऱ्या ध्वनिमुद्रकाला सगळे कानकाका म्हणत. सकाळी हात धुऊन, मऊ फडक्याने मला पुसून मगच ते चहाला तोंड लावत. हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. भाषणं, गाणी, मुलाखती, किती आवाज माझ्यातून गेले! शाबासकीही खूप मिळाली.

माझी खरी परीक्षा झाली ती एका माहितीपटात. अकरा वर्षांपूर्वी शर्टांच्या एका कारखान्यात आग लागली होती आणि दाराला बाहेरून कुलूप होतं. शिवणकाम करणाऱ्या नऊजणी गेल्या. वाचलेल्या एका मावशींची त्यांच्या घरी मुलाखत होती. दिग्दर्शक सारखे म्हणत, "मावशी, पुन्हा सांगा. जरा आठवून, सावकाश." तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा घसा कोरडा पडला. "पाणी पिऊन येते," म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या.

तिथेच घात झाला. डबीचं बटण बंद करायला कानकाका विसरले. आत धाकटी बहीण भांडी घासत होती. मावशी तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या आणि आजवर कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट त्यांनी तिला सांगितली. मी ती ऐकली. काय होती, ते मी तुम्हालाही सांगणार नाही.

संध्याकाळी ध्वनिमुद्रण ऐकताना दिग्दर्शक खुर्चीतून उठलेच. "सोनं आहे हे! अहो, सिनेमा इथे उभा राहिला!"

"साहेब, हे त्यांनी तुम्हाला नाही सांगितलं," कानकाका म्हणाले. "बहिणीला सांगितलंय."

"चेहरा कुठे दाखवतोय? नुसता आवाज."

"नुसता? मग तीस वर्षं आवाज टिपत मी काय नुसताच फिरतोय होय?"

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन मावशींच्या दारात उभे राहिले. घडलं ते सगळं त्यांनी सांगितलं. "बटण माझ्या हातात होतं. चूक माझी."

मावशी लालबुंद झाल्या. "ही चोरीच की हो!"

"हो."

"मग आता?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"पुसा. माझ्यासमोर."

एकच प्रत होती. काकांनी ती तिथेच पुसली. दिग्दर्शक आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

मग मावशींचाच निरोप आला. "माइक घेऊन या. पण 'पुन्हा सांगा' म्हणायचं नाही. आणि साहेबांना सांगा, मी शिवता शिवता बोलणार."

त्या मशीनवर बसल्या. किल्ली कुणाच्या खिशात होती, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग गेलेली एकेक मैत्रीण नावानिशी. एक शिटी वाजवायची, एक मुकादमाची हुबेहूब नक्कल करायची. ती नक्कल करून दाखवताना मावशी स्वतःच खुदकन हसल्या. इतका खणखणीत आवाज मी कधी टिपला नव्हता! "कट" म्हणायचं दिग्दर्शकांना भानच राहिलं नाही. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

पहिला खेळ त्या नऊ घरांसाठी होता. पडद्यावर नाव आलं की ते ते कुटुंब उठून उभं राही. शेवटी एका वार्ताहराने विचारलं, "मावशी, तुम्ही रडला कशा नाहीत?"

"रडले की," मावशी म्हणाल्या. "घरी."

सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. त्याच वर्षी त्या भागातल्या कारखान्यांची बाहेरची कुलुपं निघाली.

आता मी कापसात गुंडाळलेला असतो. नव्या माइकांना वायरही लागत नाही. त्यांना जपा, ओल लागू देऊ नका. पण मित्रांनो, कुणाच्या दुःखापाशी माइक नेण्याआधी "लावू का?" एवढं विचारा. "नको" असं उत्तर आलं, तर हसतमुखाने परत या. सिनेमा त्याने मरत नाही. मी साक्षीला आहे.