लहान गिअर

विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत उस्मानपुऱ्यात संचारबंदी होती. भर दुपारी समोरच्या घरातून साळूबाईंची सून ओरडली, "काकू, आत्याबाईंना धाप लागलीय, पंप संपलाय!"

माझ्याकडे दम्याचा पंप होता, पण दार उघडलं की कोपऱ्यावरचा शिपाई खेकसायचा. फेकला असता तर नालीत पडला असता. ह्यांनी कपाटातली रिमोटची गाडी काढली. कारखान्यानं जपानला पाठवलं होतं तेव्हा आणलेली.

"मोटरला मोठा गिअर बसवतो, जोरात पळंल. शिपायानं बघायच्या आत पार जाईल."

"अन् रस्त्यावरचे दगड? मोठ्या गिअरनं मोटर तापती, तुम्हीच सांगता. मधेच बसली तर? लहान बसवा."

"लई हळू जाईल गं."

"जाऊ द्या. जोर तर धरील."

ह्यांनी गिअर बदलला, पंप दोऱ्यानं बांधला आणि दार किलकिलं करून गाडी सोडली. ती दगडांवरून डुलत, घरघरत निघाली.

"ए! काय आहे ते?" शिपायानं बंदूक रोखली. ह्यांनी रिमोटवरचा अंगठा काढला नाही.

"दवा हाय, साहेब! समोरच्या बाईंची!" मी खिडकीतून ओरडले.

बंदूक तशीच धरून तो गाडीजवळ आला. तिच्या बाजूनं चालत त्यानं वाकून पंप बघितला. गाडी पळत गेली असती तर त्यानं असं वाकून बघितलं नसतं. मग बुटानं त्यानं तिच्यापुढचा दगड सरकवला.

साळूबाईंच्या सुनेनं दार उघडून पंप उचलला, तेव्हा तो आमच्याकडं पाठ करून उभा होता.