तिसरा व्हॉल्व्ह

सासऱ्यांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ मी ऐकायला बसलो की करकरायचा. बायको एकटी असली की कसा गोड गायचा. डोकंच फिरलं माझं! तीन दिवस एकेक सांधा तपासला, कंडेन्सर बदलले. शेवटी रेडिओ चालू ठेवून पेन्सिलीने आतल्या एकेका काचेच्या व्हॉल्व्हला टिचकी मारत गेलो. तिसरा करकरला.

"सापडला लेकाचा!" मी ओरडलो, तर टिचकीशिवायच तो पुन्हा करकरला.

असं कसं? हळू बोलून पाहिलं, गप्प. ओरडलो, करकर. म्हणजे गाणं ऐकताना मी मोठमोठ्याने बोलायचो, त्या आवाजानेच तो हादरत होता!

"नवा व्हॉल्व्ह घेऊन येतो," मी कुजबुजलो.

"राहू द्या हो," बायको म्हणाली. "बाबांच्या माघारी तुम्हाला हळू बोलायला लावणारं घरात कोणी उरलंच नव्हतं."