धक्क्यावरच्या चपला

पार्किंगचं लोखंडी दार घरंगळत आलं, धाडकन मिटलं, बाहेरून कडी सरकली, आणि आत उभ्या असलेल्या सत्यवतीबाईंनी जवळचा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“अहो तुकारामकाका, उघडा! आमच्या आई आत असतील,” बाहेरून सुनेचा, प्रणालीचा आवाज आला.

दार पुन्हा सरकलं. वॉचमन तुकाराम ओशाळून हसला. “ताई, दुपारी कुत्री शिरतात म्हणून लावतो. आजी अंधारात दिसल्याच न्हाईत.”

“आई, काय आहे काय हो या पार्किंगमध्ये?” प्रणालीने सासूचा हात धरला, तर तो घामाने ओला आणि गार. “वर पंखा आहे, टीव्ही आहे. आणि तुम्ही भर मे महिन्यात गाड्यांच्या मधे उभ्या! लोक म्हणतील, सुनेने घराबाहेर काढलं.”

“म्हणू देत. लोकांना म्हणायला काहीतरी लागतंच,” सत्यवतीबाई म्हणाल्या. आणि हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार!

तसं बघितलं तर सत्यवतीबाईंचं आयुष्य दोन वाक्यांत सांगून संपेल. तळा गावच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. पोरांसाठी खिचडी शिजवली, त्यांची नाकं पुसली, रिटायर झाल्या. नवरा मागेच गेला, मुलगा रितेश कंपनीत लागला आणि त्याने खारपेठेत ‘सागर दर्शन’मध्ये फ्लॅट घेतला. सागराचं दर्शन एकाही खिडकीतून होत नाही, मागे खाजण आणि पुढे हायवे. पण बिल्डरच्या तोंडाला कोण हात लावणार? खारपेठ हे नाव ऐकूनच बाईंचा जीव घाबरा झाला होता. पण गाव केवढं वाढलंय, फ्लॅट कुठल्या तरी कोपऱ्यात असेल, अशी मनाची समजूत घालून त्या ट्रंक घेऊन एसटीने आल्या. स्टँडवर रिक्षावाल्याला इमारतीचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, “म्हंजे धक्क्यावर.”

“कसला धक्का?”

“काय ठाऊक मावशी. सगळे धक्काच म्हणतात. धक्का-बिक्का काय न्हाय तितं.”

बाईंना मात्र ठाऊक होतं. धक्का म्हणजे रेल्वेचा मालधक्का. गावात धान्य, खत, सिमेंट उतरायचं ते तिथे. मिलोच्या वर्षी, म्हणजे रेशनवर तो तांबडा परदेशी मिलो मिळायचा त्या वर्षी, सत्यवतीबाई पाच वर्षांच्या होत्या. त्या उन्हाळ्यात त्यांची आई काशी धक्क्यावर कामाला गेली आणि त्या दिवसापासून ती कुणालाच दिसली नाही.

मालगाडीच्या गार्डाबरोबर पळाली, असं गाव म्हणालं. बाप धर्माजी मिठागरावर कामाला होता. त्याने पोरीला तळ्याला बहिणीकडे नेऊन टाकलं आणि बायकोचं नाव परत काढलं नाही. नाव काढायला बाकीचे होतेच की! पोर आरशापुढे जरा रेंगाळली की आत्या म्हणायची, “आईच्या वळणावर जाऊ नको.” लग्न झालं तर सासूने पहिल्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. बाईंनी कधी केसांत फूल माळलं नाही, जत्रेला एकट्या गेल्या नाहीत, परक्या पुरुषाशी हसून बोलल्या नाहीत. पळालेलीची पोर! सगळा जन्म दुसऱ्या बाईचं नाव धुऊन काढण्यात गेला. रितेशला त्यांनी सांगितलं होतं की तुझी आजी तापाने गेली.

आणि आता त्याच धक्क्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, रोज दुपारी त्यांना केरसुणीचा आवाज यायचा. खर्र, खर्र. फरशीवरचा नव्हे, पत्र्यावरचा. खाली जाऊन बघावं तर कोणी झाडत नसायचं. गाड्या उभ्या असायच्या आणि गोणपाटाचा वास यायचा. तुकारामने शपथेवर सांगितलं की इथे गोणपाटाचा तुकडाही नाही.

त्या दिवशी दार मिटलं आणि बाईंचा धीरही सुटला. वर आल्यावर त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. मुलाला सांगितलं नव्हतं ते सुनेला सांगितलं, हे ऐकायला जरा उफराटं वाटेल, पण बाईच्या गोष्टी बाईला सांगणं सोपं जातं.

प्रणाली फटकळ होती, पण ऐकताना एकदाही मधे बोलली नाही. मग म्हणाली, “तुम्हाला नक्की काय कळायला हवंय, आई?”

“तिनं मला टाकलं का, एवढंच. बाकी काही नको मला.”

मग दोघी शोधाला लागल्या. प्रणालीने फोनवर बघितलं. खारपेठचं नवं स्टेशन दिसलं, ते गावाबाहेर. मालधक्क्याचा एक फोटो नाही, एक अक्षर नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारलं तर तो म्हणाला, “वहिनी, जागा क्लिअर टायटलची आहे, घाबरू नका.” नाक्यावरच्या शिंप्याला एवढंच आठवत होतं की लहानपणी तिथे रूळ होते आणि त्यांवर पोरं नाणी ठेवायची. केवढा पसारा असेल! इंजिनं, वाघिणी म्हणजे मालाचे डबे, काटा, शेड, पन्नास-साठ हमाल. सगळं कुठे गेलं? गावाने गिळून ढेकरही दिली नाही.

शेवटी चहावाल्याने वाट दाखवली. “मागं हमालवाडीत बाबाजी हायेत. धक्क्यावरले तेवढेच उरले आता.”

बाबाजींच्या पडवीला खांब म्हणून रुळाचा तुकडाच रोवलेला होता. म्हातारा पंच्याहत्तरीचा, गुडघ्यांनी गेलेला, पण धक्का म्हटल्यावर डोळे लकाकले. “दाखवतो की! मला तितलं कोणी इचारीतच न्हाय. चला.” प्रणालीने रिक्षा आणली. बाईंनी आपण कोण ते सांगितलं नाही, आणि प्रणालीनेही तोंड मिटून ठेवलं.

पार्किंगच्या दारात बाबाजी जरा वेळ उभे राहिले. मग काठी उचलून दाखवायला लागले. “ती पांढरी गाडी हाय ना, तितं शेड. लिफ्टच्या जागी वजनकाटा. धक्क्याला लागून पहिली लाईन, भरल्या वाघिणींची. दुसरी खताची. आणि ही,” त्यांनी काठी दारापासून आतवर ओढत नेली, “ही तिसरी. रिकाम्या वाघिणी हितं लावायच्या.”

सत्यवतीबाई जिथे रोज दुपारी येऊन उभ्या राहायच्या, तो खांब नेमका तिसऱ्या लाईनीवर होता.

“रिकाम्या वाघिणीत काय करायचे?” प्रणालीने विचारलं.

“बाया झाडायच्या. गोणीतनं दाणा सांडतो ना, तो आत पसरलेला असायचा. गाडी हलायच्या आधी झाडून न्यावा, त्यो झाडणारीचा. सुपानं पाखडला की दोन येळची भाकर सुटायची. आमी हमालबी डोळेझाक करायचो. गरिबाघरचं माणूस.” बाबाजी हसले. “पर एक रीत व्हती, बाय. आत धान्य, म्हंजे लक्षुमी. चपला घालून चढायचं न्हाय. चपला दाराखाली खडीवर काढून ठेवायच्या. तीच आमची खूण. दार लोटायच्या आधी खाली वाकून बघायचं. चपला दिसल्या की ओरडायचं, आत माणूस हाय! दाराला हात लावायची कुणाची छाती व्हायची न्हाय.”

“दारं कोण लावायचं?” सत्यवतीबाईंनी विचारलं.

“तिसऱ्या लाईनीची? मीच की.”

“काशी नावाची बाई आठवते?”

बाबाजींची काठी थांबली. “धर्माजीची? आठवती तर. त्याच दिशी रातच्याला धर्माजी आला व्हता, येड्यासारखा. म्हनला, माझी बायको गाडीत तर न्हाय ना गेली? म्या म्हनलं, न्हाय. समद्या हमालांसमोर धक्क्यावरच्या राखणदार देवाच्या नारळावर हात ठिवून सांगितलं. परतेक दाराखाली वाकून बघितलं व्हतं म्या. एकबी चप्पल नव्हती. आणि घरी गेला तर तिच्या चपला दारातच की! म्हंजे धक्क्यावरनं ती घरी आली व्हती आणि मग गेली. मग काय, लोक बोलणारच. गार्डानं नवे सँडल घेऊन दिले असतील, असंबी बोलले.” त्यांनी मान हलवली. “चांगली व्हती वो बाई. असं करायला नको व्हतं तिनं.”

सत्यवतीबाई खांबाला टेकल्या. त्यांच्याजवळ त्या दुपारची एकच आठवण होती. ती त्यांनी कधी कुणाला दिली नव्हती, कारण आईची म्हणून त्यांच्यापाशी तेवढीच वस्तू होती.

“बाबाजीकाका,” त्या म्हणाल्या, “मी काशीची मुलगी. त्या दिवशी घरी कोण नव्हतं म्हणून तिनं मला बरोबर आणलं होतं. मी अनवाणी होते. दुपारी खडी तापली, मी रडायला लागले. ती वाघिणीतनं खाली उतरली. मला कडेवर घेतलं, पायांवर फुंकर घातली. मग स्वतःच्या चपला माझ्या पायांत घातल्या. म्हणाली, सरळ घरी जा, पायांतनं काढू नको. एवढा कोपरा झाडून आलेच.”

बाहेर हायवेवरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

“मी त्या ओढत ओढत घरी गेले. दारात काढल्या. रात्री ऊन लागून ताप भरला. मला कोणी काही विचारलंच नाही. पुढे सगळे सांगायला लागले की ती पळाली. मला वाटलं, जायचं होतं म्हणून जाताना चपला मला देऊन गेली.” त्यांनी आपल्या पायांकडे बघितलं. “मी जन्मभर तेच समजले, काका.”

बाबाजी हळूहळू खाली बसले. बसताना काठी सुटून घरंगळत गाडीखाली गेली. ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

“म्या वाकून बघितलं व्हतं, बाय,” ते म्हणाले. “देवाशप्पथ बघितलं व्हतं.”

“बघितलं असणार.”

“इंजान शिट्टीवर शिट्टी घालीत व्हतं. आतनं कोण ओरडलं असतं तरी... आणि दार भायेरनं लागायचं.” लोखंडाचा पत्रा, वैशाखाचं ऊन. म्हाताऱ्याने तोंडावर उपरणं घेतलं आणि तो लहान पोरासारखा हमसून रडायला लागला.

“कुठे गेली ती गाडी?” प्रणालीने हळूच विचारलं.

“रिकाम्या गाड्या लांब जायच्या पोरी. कुठं, ते आमाला कोण सांगतंय!”

सत्यवतीबाई खाली बसल्या. त्यांनी बाबाजींच्या पाठीवर हात ठेवला. खरं तर या माणसाच्या एका शपथेने त्यांच्या आईची अब्रू गेली होती आणि त्यांचा स्वतःचा जन्म झाकोळला होता. राग यायला हवा होता. पण मनात दुसरंच काहीतरी उसळत होतं, आणि ते इतकं मोठं होतं की रागाला जागाच उरली नाही. ती गेली नव्हती. तिने टाकलं नव्हतं. पोरीच्या पायांना चटके बसू नयेत, एवढ्यासाठी ती अनवाणी परत आत चढली, आणि त्या अनवाणीपणापायीच संपली. हे सुख म्हणावं की दुःख, बाईंना कळेना. दोन्ही एकदम छातीत मावत नव्हती.

“आई गं,” त्या म्हणाल्या. त्रेपन्न वर्षांत ही हाक त्यांनी पहिल्यांदा मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्यवतीबाई गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. पाय उघडे होते, आणि घराच्या दारात त्यांच्या चपला नव्हत्या. खाली पार्किंगचं दार सरकवायला तुकाराम आल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ प्रणालीच्या स्कूटरचा.

“ताई, या चपला कोणाच्या?” तुकाराम विचारत होता. “दाराच्या मधोमध काढल्यात. आत तर कोणी दिसत न्हाय. बाजूला करतो आणि दार लावतो.”

बाईंचा हात सुपात थांबला.

खाली स्कूटर बंद झाली. मग प्रणाली म्हणाली, “हात नका लावू काका. आत माणूस आहे.”

तुकारामने वाकून आत बघितलं असावं. दाराचा आवाज आला नाही. तो दुपारभर उघड्या दाराशी खुर्ची टाकून बसला आणि आत शिरणाऱ्या कुत्र्यांना काठीने हाकत राहिला.