जिन्यात टेकवलेली खुर्ची

“जिन्यात शर्यत लावायची नाही. पाय पेटायच्या आधी थांबायचं,” असं वडील सांगायचे. सामान वाहण्याचा धंदा दोघा मुलांना त्यांनीच शिकवला. थोरल्याने ते बोलणं गाठीला बांधलं. धाकट्याने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं.

आज लिफ्ट बंद पडली होती. आईला चालता येत नाही, म्हणून दोघे तिला खुर्चीसकट खाली नेत होते. तिच्या बहिणीचं उद्या मोठं ऑपरेशन. भेटीची वेळ संपायच्या आत दवाखाना गाठायचा होता. आणि दुसऱ्याच वळणावर धाकट्याच्या मांड्या लटलटायला लागल्या.

“टेकव, टेकव खाली.” थोरल्याने खुर्ची कशीबशी सावरली. “सकाळी काय दिवे लावलेस?”

“कपाट वर नेलं. पळत. दुसऱ्या टोळीतल्या हमालाशी पैज लागली होती.”

“जिंकलास?”

“मग.”

“छान. आता कपाटालाच ने मावशीला भेटायला.”

आईला हसू आलं, पण तिने ते ओठांत दाबलं.

“पाणी पितो आणि लगेच उचलतो.”

“लगेच उचल आणि आईला गडगडत तळमजल्यावर पोचव. हमालांच्या आरोग्य शिबिरात डॉक्टर घसा फोडून सांगत होते, एवढ्या जोराला श्वास पुरा पडत नाही. स्नायू जवळचं इंधन भराभर जाळतो, जळल्याचा गाळ आतच साचतो. मग तू कितीही दटाव, तो नीट आवळतच नाही. त्यात सकाळी होतं नव्हतं ते उधळून आलास. पण तू तेव्हा मागे घोरत होतास.”

“घोरणारा दुसरा होता. मी नुसता झोपलो होतो.”

“पुरे रे,” आई हळूच म्हणाली. “वेळ टळतेय. मला परत वर न्या. तिला सांगा, लिफ्ट बंद होती.”

वर नेणं तर त्याहून जड. थोरल्याने कपाळावर हात मारला. “आणि फोनवर कोण म्हणालं, ‘मावशी, आज आईला आणतोच’?”

धाकटा भिंतीला टेकून मांड्या चोळत राहिला. धाप पुरती ओसरल्यावर उठला, तळहात पॅन्टला पुसले आणि खालच्या बाजूला, जिथे भार जास्त येतो तिथे, जाऊन उभा राहिला.

“वेळ संपली असेल,” थोरला म्हणाला.

“दारात विनवू.”

खुर्ची उचलली गेली. एक पायरी उतरायची, मागचे पाय टेकवायचे, दम घ्यायचा, मग पुढची. थोरल्याच्या ओठांवर आलेला टोमणा तिथेच राहिला.