चक्रवाकाचा घास

माझी श्रावस्ती दीड वर्षाची, आणि वजन अंगणवाडीच्या तक्त्यात अजून कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यात. तोंड उघडेल तर शपथ. चिऊ-काऊच्या नावाचे घास तिला शिळे झाले, म्हणून मी पाणथळीच्या फाटकावरच्या फलकावरून नवी नावं उचलली. आमचं घर माकणी गावाच्या पुढं, पक्ष्यांसाठी राखलेल्या त्या पाणथळीला लागूनच. "हा घास टिटवीचा. हा पाणकावळ्याचा. हा चक्रवाकाचा." पोरगी खाऊ लागली. मी रोज तिचे दंड चाचपून बघायची.

मग एके दुपारी पक्षी दारात आले. टिटवी, तिच्यामागं पाणकावळा, मग चक्रवाक. मी नावं घेत होते त्याच क्रमानं. गडबड नाही, ढकलाढकली नाही. श्रावस्तीनं त्यांना बघून तोंड घट्ट मिटलं.

पाठोपाठ वनरक्षक गुंडप्पामामा आले. "ताई, पक्ष्यांना खायला घालायला मनाई हाय."

"मी कुठं घालते? नुसतं नाव घेते."

"नाव घेतलं म्हंजे कबूल केलं की. ह्यो चक्रवाक हिमालय वलांडून आलाय, आन् त्याचा घास तुमी पोरीला चारताव."

"मग देऊ त्याला?"

"दिला तर गुन्हा."

माझ्या सासूबाई, चांगुणाआत्या, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "गुंडप्पा, लेकरू उपाशी ठिवू व्हय? तुझ्या पाखरांची पोटं बघ, कशी टम्म हायत."

चक्रवाकानं पोट आत घेतलं.

मी "हा घास मोटरसायकलचा" म्हणून पाहिलं. श्रावस्तीनं मान फिरवली. चक्रवाक पुढं आला, चोच उघडून उभा राहिला. खिचडीचा घास माझ्या हातात तसाच. तेवढ्यात श्रावस्तीनं तो ओढला आणि स्वतःच्या तोंडात कोंबला. मग दुसरा. पक्ष्यांवर डोळे रोखून तिनं वाटी संपवली.

तेव्हापासून पक्षी रोज दारात उभे राहायचे आणि ती जेवायची. नुसतं उभं राहायला मनाई नाही, हे मामांनी त्यांच्या साहेबांना विचारून घेतलं. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. उन्हाळा लागला तसा चक्रवाक उत्तरेला गेला, टिटवी अंड्यांवर बसली, एकटा पाणकावळा यायला लाजू लागला. पिवळा पट्टा अजून सुटला नव्हता. शेवटी मी मामांनाच गळ घातली, "जरा दारात तोंड उघडून उभे राहता का?"

ते टोपी काढून उभे राहिले. श्रावस्तीनं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि हातातला घास त्यांच्याच तोंडात घातला. त्यांनी गिळलासुद्धा.

"मामा, तो तिचा होता."

"माणसाला घालायला मनाई न्हाय, ताई."

पुढचा घास तिनं खाल्ला, त्याच्या पुढचा पुन्हा त्यांना दिला. आता मी वाटीऐवजी पातेलं घेऊन बसते.