दोन धुराडी, त्यातलं एक खोटं

अठ्ठावन्नाव्या वर्षी माझे यजमान सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि साठाव्या वर्षी त्यांना वेग सापडला. ज्या माणसाने आयुष्यभर एक कागद या टेबलावरून त्या टेबलावर न्यायला पंधरवडा लावला, तो माणूस जेवताना मला सांगायला लागला की शून्यावरून शंभरला किती सेकंदांत जाता येतं. मी विचारलं, "जायचंय कुठे?" तर म्हणाले, "तुला नाही कळायचं." त्यांचं नाव वैजनाथ. मी वैजनाथराव म्हणते, पण त्यातला 'राव' आदराने लावते असा कोणी गैरसमज करून घेऊ नये.

मुळात गाडी माझ्यासाठी घ्यायची होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. मी गंगापूरला मुलींच्या शाळेत भूमिती शिकवते. अकरा वर्षं शहरातल्या नगर नाक्यावरून कडूबाच्या काळ्यापिवळ्या, वाटेत प्रवासी भरत जाणाऱ्या जीपमधून जाते-येते. बाई म्हणून मला पुढची मानाची जागा, म्हणजे कडूबा आणि गिअरचा दांडा यांच्या शेजारी, अर्धी सीटवर आणि अर्धी देवाच्या भरवशावर. गेल्या दिवाळीनंतर माझ्या कमरेने संप पुकारला. डॉक्टरांनी कमरेचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "बाई, नोकरी नाहीतर जीप. दोन्हीतलं एक सोडा."

"सोड नोकरी," वैजनाथराव म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मला रागच आला. भाजी कुठली आणायची हे ठरवायला या माणसाला अर्धा तास लागतो. माझी अजून चार वर्षं उरलीत, आणि खरं सांगायचं तर फळ्यासमोर खडू हातात घेऊन उभी असते तेव्हाच मला मी कोणीतरी आहे असं वाटतं. ते सोडून घरी बसायचं आणि यांच्या चहाच्या वेळा सांभाळायच्या? मी म्हटलं, "जीप सोडते. गाडी घेऊ."

मग दोघांनी मिळून गाडी शिकायचा क्लास लावला. लायसन्सच्या परीक्षेत मी पहिल्या खेपेला पास झाले, वैजनाथराव तिसऱ्या. कॉलनीत मात्र त्यांनी "आम्ही दोघंही पास झालो" एवढंच सांगितलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

गाडी घेणार म्हटल्यावर मी कडूबाला विचारलं. त्या रस्त्याची जितकी माहिती त्याला आहे तितकी रस्ता बांधणाऱ्यालाही नसेल. तो म्हणाला, "घ्या ना बाई. पन उंच घ्या. लिंबे जळगावच्या पुढं रस्ता लई खराब हाय. खालची गाडी टेकती. एकदा टेकली का समजा पोट फाटलं."

टेकणं हा जीपवाल्यांचा शब्द. गाडीचं पोट जमिनीला लागलं की गाडी टेकली. मी घरी येऊन सांगितलं, "उंच गाडी घ्यायची. कडूबा म्हणतो."

"आता काळ्यापिवळ्यावाल्याला विचारून गाड्या घ्यायच्या का?" वैजनाथराव म्हणाले.

शोरूममध्ये एकाच गाडीचे दोन अवतार होते. एक पांढरी, उंच, मागे तीन माणसं ऐसपैस बसतील अशी, डिकीत गव्हाचं पोतं मावेल अशी. दुसरी तीच गाडी, पण चार बोटं खाली बसवलेली, लालभडक, सीटांना लाल दोऱ्याची शिलाई, आणि मागे दोन धुराडी. विकणारा मुलगा प्रामाणिक निघाला. मी विचारल्यावर म्हणाला, "मॅडम, धूर एकातूनच येतो. दुसरं शोसाठी आहे." मला वाटलं, झालं, आता हे पांढरीकडे वळतील. पण वैजनाथराव त्या खोट्या धुराड्याकडे असे बघत त्यावरून हात फिरवत होते की आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्याकडेसुद्धा त्यांनी तसं पाहिलं नव्हतं.

"ही रस्ता धरून चालते," ते म्हणाले.

"धरून नाही, घासून," मी म्हटलं.

ट्रायल घेतली ती जालना रोडवर, तुळतुळीत रस्त्यावर, सकाळी दहाला. मी म्हटलं, गंगापूरकडे नेऊन बघू. मुलगा म्हणाला, ट्रायलचा रस्ता ठरलेला असतो. वैजनाथरावांनी लगेच मान डोलावली. नियम म्हटला की त्यांना अजून भरून येतं.

घरी आल्यावर त्यांनी तक्ता आखला. कचेरीची सवय. डावीकडे लाल, उजवीकडे पांढरी. लालच्या खाली लिहिलं: वेग, पकड, व्यक्तिमत्त्व. पांढरीच्या खाली एकच शब्द: घरगुती. मी पेन मागितलं आणि पांढरीच्या खाली 'गंगापूर' लिहिलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि तक्ता घडी करून खिशात घातला.

या सगळ्यामागे सदाशिवराव होते. हे वैजनाथरावांचे मित्र, रोज सकाळी बागेत सोबत फिरणारे. सदाशिवरावांच्या मुलाने पुण्यात कसलीशी काळी बुटकी गाडी घेतली, आणि तेव्हापासून सदाशिवरावच ती चालवत असल्यासारखे बोलतात. त्यांनी एका सकाळी बाकावर बसून सिद्धांत मांडला, "वैजनाथ, माणसाचं वय गाडीवरून कळतं. पांढरी उंच गाडी दिसली की लोक समजतात, आत औषधं घेऊन म्हातारा बसलाय." वैजनाथरावांच्या खिशात त्या वेळी रक्तदाबाची गोळी होती. ती त्यांनी घरी येऊन पाणी न पिताच गिळली.

मग एक दिवस अचानक ते म्हणाले, "ठीक आहे, तू म्हणतेस तर पांढरी." निवृत्त माणसापेक्षा नोकरीतल्या माणसाला बँक बरी ओळखते, म्हणून सगळे अर्ज माझ्या नावाने होते. मी पांढरीच्या अर्जावर सही केली. नवरा इतक्या सहज ऐकतो तेव्हा बाईने सावध व्हायला हवं, हे मला पस्तीस वर्षांच्या संसारात कळायला हवं होतं. पण त्या आठवड्यात दहावीचे पेपर होते. नंतर एकदा शोरूममधून आलेल्या कुठल्याशा कागदावर त्यांनी माझी अजून एक सही घेतली. "रंगाचं काहीतरी आहे," म्हणाले. मी उत्तरपत्रिका तपासता तपासता सही करून टाकली. मुलींनी न वाचता प्रमेय लिहिलं की मी शून्य देते. मला त्या दिवशी तेवढंच मिळायला हवं होतं.

गाडी घ्यायला आम्ही रविवारी गेलो. सदाशिवराव आणि त्यांची बायको उमावहिनी खास सोबत आले होते. शोरूमच्या मधोमध गाडीवर लाल कापड घातलं होतं. कापड निघायच्या आधीच मला कळलं. भूमिती शिकवते मी, उंची मला नुसत्या नजरेने कळते. कापडाखालचा तो उंचवटा चार बोटं कमी होता.

कापड ओढलं. टाळ्या झाल्या. सदाशिवराव म्हणाले, "व्वा, वैजनाथ, दहा वर्षांनी तरुण झालास." वैजनाथराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला सरप्राइज द्यायचं होतं." माझ्या मनात राग होता, आणि रागाहून जास्त काहीतरी होतं. मला वाटलं, या माणसाला माझी नोकरी गेली तरी चालेल, पण गाडीवरून आपलं म्हातारपण दिसता कामा नये. मी तिथे लोकांसमोर रडले नाही, एवढंच.

मग फोटोचा कार्यक्रम. आजकाल शोरूमवाले पुठ्ठ्याची एक भली मोठी किल्ली देतात, हात दोन हात लांब, सोनेरी कागद लावलेली. ती मॅडमच्या हातात द्यायची पद्धत. माझ्या हातात दिली. खरी किल्ली, बोटाएवढी, वैजनाथरावांच्या हातात. फोटो काढणारी शोरूममधली मुलगी म्हणाली, "मॅडम, स्माइल." मी हसले. तो फोटो वैजनाथरावांनी पंचवीस जणांना पाठवलाय, त्यात मी फार आनंदी दिसते.

चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, आणि चौघं गाडीत बसलो. वैजनाथराव चालवायला, मी शेजारी पुठ्ठ्याची किल्ली मांडीवर घेऊन, मागे सदाशिवराव आणि उमावहिनी, गुडघे हनुवटीला लावून. शोरूमचा उतार रस्त्याला मिळतो तिथे एक उंचवटा आहे. गाडी उतारावरून आली, पुढची चाकं पलीकडे गेली, आणि खालून असा आवाज आला की कोणीतरी पत्र्यावरून फावडं ओढावं. वैजनाथरावांनी घाबरून मागे घेतली. पुन्हा आवाज.

वॉचमन धावत आला. वाकून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, टेकली. वजन कमी करा."

वैजनाथरावांनी आरशात मागे बघितलं. मागे पाहुणे. पाहुण्यांना उतरा कसं म्हणणार? मानाचा प्रश्न. त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "अगं, तू जरा उतरतेस का?"

मी उतरले. ज्या बाईच्या कमरेसाठी गाडी घेतली, तिलाच उतरवून गाडी हलकी करायची होती. मी पुठ्ठ्याची किल्ली घेऊन उन्हात उभी राहिले आणि त्यांनी पुन्हा गाडी पुढे घेतली. पुन्हा तोच आवाज. मागे दोन रिक्षा थांबल्या होत्या, एका रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "काका, क्या उतरने के लिए सीढी मंगाऊ?"

मी ड्रायव्हरच्या दाराशी गेले. "उतरा," मी म्हटलं.

"मी उतरलो तर चालवणार कोण?"

"जिच्या नावावर आहे ती."

सदाशिवराव आणि उमावहिनी न सांगता उतरले. भांडण लागलं की पाहुण्यांना बरोबर कळतं. वैजनाथरावांना मात्र कळायला वेळ लागला, पण रिक्षावाल्याने हॉर्न दिला तसे तेही बाहेर आले. मी पुठ्ठ्याची किल्ली त्यांच्या हातात दिली. "धरा जरा."

अकरा वर्षं कडूबाशेजारी बसून मी एक गोष्ट पाहिली आहे. उंचवटा आला की तो गाडी सरळ नेत नाही, तिरकी घेतो. आधी एक चाक चढवायचं, मग दुसरं, मग मागचं एक, मग शेवटचं. चारी चाकं एका वेळी चढत नाहीत, त्यामुळे पोट वर राहतं. ही साधी भूमिती आहे. मी रिकामी गाडी जरा मागे घेतली, स्टिअरिंग वळवलं, गाडी तिरकी केली आणि हळूच पलीकडे नेली. आवाज आला नाही. वॉचमन म्हणाला, "बराबर."

मग मी थांबायला हवं होतं. ते तिघं उतारावर उभे होते, आणि वैजनाथराव हात करत होते. मी दुसरा गिअर टाकला. नगर नाका गेला, बजाजनगरचा फाटा गेला, वाळूज मागे पडलं, आणि दोन्ही बाजूंना ऊस लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाडी नव्वदवर आहे आणि मी गुणगुणते आहे. गाडी लिंबे जळगावच्या पुढे पाच वेळा टेकली. टेकली तर टेकली. गंगापूरला शाळेच्या बंद फाटकासमोर पोचले, गाडी वळवली आणि परत आले. तोवर ते तिघं रिक्षाने घरी पोचले होते. उमावहिनी मला नंतर म्हणाल्या, रिक्षात किल्ली मावत नव्हती, एक टोक बाहेर ठेवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नगर नाक्यावर कडूबाला सांगायला थांबले की आजपासून मी जीपला नाही. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, मागची दोन धुराडी बघितली, आणि माझ्याकडे बघून हताश झाला. "बाई, लई खाली हाय वो. उंच घ्या म्हनलं व्हतं ना मी."

"व्हय, पण पोचते," मी म्हटलं.

पोचते. रोज पोचते. शाळेतल्या आशाबाई आणि दगडाबाई मागे बसतात, गुडघे पोटाशी घेऊन, पण जीपपेक्षा बरं म्हणतात. आणि एक गोष्ट मी घरी अजून कबूल केलेली नाही. ती लाल शिलाईची सीट कमरेला दोन्ही बाजूंनी अशी धरून ठेवते की महिनाभरात माझं दुखणं निम्म्यावर आलं. आणि उसाच्या रस्त्याला लागले की मला ती गाडी आवडते, म्हणजे फारच आवडते. वैजनाथरावांचं औषध बरोबर होतं, फक्त रोगी चुकला.

सकाळच्या बागेतल्या बाकावर सदाशिवराव विचारतात, "वैजनाथ, गाडी कुठाय?" आणि वैजनाथरावांना सांगावं लागतं, "गंगापूरला." ते चालत घरी येतात.

संध्याकाळी मी फाटकातून गाडी आत घेते तेव्हा ते अंगणात टॉर्च घेऊन उभे असतात. मी वह्या काढेपर्यंत फरशीवर गुडघे टेकतात, मग हात टेकतात, आणि गाडीखाली मान घालून ओरखडे बघतात. परवा तिथूनच त्यांचा आवाज आला. "ऐकतेस का? शोरूमवाले बदलून देतात म्हणे. पांढरी घेऊन टाकू या. तुझ्या कमरेलाही जरा बरं पडेल."

मी वह्यांचा गठ्ठा खांद्याला लावून तशीच उभी राहिले. डॉक्टरांनी तो फोटो उजेडात धरला त्याला सहा महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत माझ्या कमरेचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं, तेही गाडीच्या पोटाखालून.