कोपराचं माप

अंगणातल्या चुलीवर स्तामेंका लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होती आणि समोर बाकावर बसून प्रोफेसर ओताकार कोपराची वंशावळ सांगत होता. हा चेक माणूस दर उन्हाळ्यात त्यांच्या सर्बियन खेड्यात जुने शब्द गोळा करायला यायचा. आता निवृत्त झाला होता. उद्याच्या बसने एकदा गेला की परत यायला त्याला निमित्तच उरणार नव्हतं.

स्तामेंकाचा जीव नुसता टांगणीला लागला होता. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, याची बायको त्याही आधी गेलेली. याच्या मनात आपण आहोत का, एवढंच तिला ऐकायचं होतं. आणि हा शहाणा घसरला होता कोपरावर!

"तुमचं लाकात, आमचं लोकेत, रशियनांचं लोकत्, पोलिश लोकांचं वोकेच. सगळी एकाच आजोबाची नातवंडं! आजोबाचं नाव ओल्कुति. त्याला कुणी लिहून ठेवलं नाही. नातवंडांची तोंडं जुळवून आम्ही त्याचा चेहरा ताडला. थेट हिंदुस्थानात संस्कृतातला अरत्नि त्याचा चुलतभाऊ. तिकडेही तुमच्यासारखंच कोपरापासून मोजायचे."

"आजोबा सापडले हो, पण नातवाचं लग्न कधी?" मिरच्यांची सालं काढता काढता जाऊबाई पेर्सिदा म्हणाली.

"गप बस गं तू!" स्तामेंका खेकसली.

ओताकार उठला. बाही वर सारून त्यानं हात पुढे केला. "स्तामेंकाबाई, माझ्या कोपरावर कापड मोजाल?"

पेर्सिदाची सुरी जागच्या जागी थांबली. त्या गावात विधुर माणूस तोंडानं मागणी घालत नाही. सदऱ्याचं कापड आणतो आणि हात पुढे करतो. बाईनं त्याच्या कोपरापासून मोजलं तर होकार. स्वतःच्या कोपरावर मोजलं तर त्यानं आल्या वाटेनं जावं.

क्षणभर स्तामेंकाला ते खरंच वाटलं. मग तिचं डोकंच फिरलं. गेल्या वर्षी यानं जोखडाचे भाग विचारले होते, आता हे! शब्दकोशात लिहायला! मोजावं स्वतःच्या हातावर आणि विषय मिटवावा, असं तिला वाटलं. पण ज्याला रीतच ठाऊक नाही, त्याला त्या रीतीनं धरून ठेवायचं नाही आणि टाकायचंही नाही.

"प्रोफेसर, कापड पुरुषानं आणायचं असतं," ती म्हणाली. "तुमच्याकडे कुठलं आलंय? बसा खाली."

त्यानं पिशवी उघडली. कागदांच्या तळाशी पांढऱ्या कापडाची घडी होती, कडेनं पिवळी पडलेली.

"गेल्या वर्षीही आणलं होतं," तो कानापर्यंत लाल होत म्हणाला. "रीत पेर्सिदाबाईंनी सांगितली होती. पण ऐन वेळी धीर सुटला आणि जोखडच विचारत बसलो."

स्तामेंकाला हसू आणि रडू एकदमच आलं. पेर्सिदा मान वळवून कोंबड्या बघू लागली. चुलीवर मिरच्या करपत होत्या, त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. स्तामेंकानं काळे झालेले हात एप्रनला पुसले आणि कापडाचं टोक त्याच्या कोपराला लावलं.

"हात सरळ धरा," ती म्हणाली. "आणि आता एक शब्दसुद्धा बोलू नका."